रोजच्या जेवणाची रंगीत तालीम

हेडक्लार्क आयुष्यात कधी खोटं बोललेच नव्हते असं नाही. पण जे बोलले ते कार्यालयीन वेळेत आणि साहेबांच्या सूचनेवरून, त्यामुळे ते पाप साहेबांच्या खाती जमा. स्वतःच्या जबाबदारीवर ते एकदाच खोटं बोलले, आणि बोलताना त्यांना ते खरंच वाटत होतं. मोठ्या बाईंनी विचारलं, रात्री तुमच्याकडे जेवायला काय असतं? हेडक्लार्कांनी निरोपसमारंभात सत्काराला उत्तर देताना करतात तशी मान किंचित तिरकी केली आणि म्हणाले, "साधंच हो. आपलं रोजचं."

"झालं तर मग," मोठ्या बाई म्हणाल्या. "गुरुवारी तेच जेवायला आम्ही दोघं येतो. मुद्दाम काही करायचं नाही. आम्ही आलो नसतो तर जे केलं असतं, तेवढंच."

मोठ्या बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. त्या निवृत्त झाल्या हे शाळेला कळलं, गल्लीला कळलं, त्यांना स्वतःला अजून कळायचं होतं. रस्त्यात त्या समोरून आल्या की पोटं सुटलेली माणसंसुद्धा शर्टाची वरची गुंडी लावत. त्यांच्या दुमजली घराचा खालचा मजला भाड्याने द्यायचा होता. हवेशीर खोल्या, स्वयंपाकघराला मोठी खिडकी, मागे अंगण, अंगणात नळ, आणि त्या नळाला पाणी.

हे शेवटचं मुद्दाम सांगायला हवं, कारण हेडक्लार्क तेव्हा घर शोधत फिरत होते. राहत्या जागेच्या मालकाचा मुलगा बायकामुलांसह परत येणार होता आणि महिनाअखेर जागा खाली करून द्या, असं मालकांनी अत्यंत गोड शब्दांत सांगितलं होतं. त्या गोड शब्दांनी हेडक्लार्कांची झोप उडाली होती. पाहिलेल्या घरांपैकी एकात स्वयंपाकघराचं दार उघडलं की शेगडीपाशी उभ्या माणसाला भिंतीत शिरावं लागे. दुसऱ्यात पाणी होतं, पण ते छतातून येई. मोठ्या बाईंचं घर हातचं गेलं तर म्हाताऱ्या आईला आणि कपाटांना घेऊन जायचं कुठे, या प्रश्नाला उत्तर नव्हतं.

बाकीचे घरमालक अनामत मागतात, नोकरीचा दाखला मागतात. मोठ्या बाई जेवायला येत. त्यांचं म्हणणं असं की पाहुण्यांपुढे कुणीही शहाण्यासारखं वागतं. माणूस कळतो तो रोजच्या ताटात. या परीक्षेला बसलेल्या दोघांची नावं गल्लीत दबक्या आवाजात घेतली जात. एक कॅशियर. त्याने तीन गोड पदार्थ केले, आणि त्याला घर मिळालं नाही. दुसरा फोटोग्राफर. तो कॅशियरवरून शहाणा झाला आणि त्याने नुसते उकडलेले बटाटे ठेवले. त्यालाही मिळालं नाही. म्हणजे तीन गोडांच्या खाली आणि उकडलेल्या बटाट्याच्या वर कुठेतरी रोजचं जेवण वसत होतं, आणि गुरुवारपर्यंत ते शोधून काढायचं होतं.

घरी येऊन चपला काढता काढता हेडक्लार्कांनी बायकोला विचारलं, "अगं, रात्री आपण काय जेवतो?"

बायको टपाल कार्यालयात काउंटरवर बसे. दिवसभर लोक तिला तिकिटाचं विचारून आपल्या सुनेचं सांगत, त्यामुळे कुठल्याही प्रश्नाने ती दचकत नसे. "असेल ते," ती म्हणाली.

हे उत्तर मोठ्या बाईंना वाढता येण्यासारखं नव्हतं. त्या संध्याकाळी हेडक्लार्क प्रथमच वर्तमानपत्र खाली ठेवून आपल्या घरातलं जेवण बघत बसले. आई दिवेलागणीलाच आपल्या खोलीत दूधभात खाऊन, गोळी घेऊन मोकळी झाली. लेक रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. ती उशिरा आली, एका वाडग्यात डाळ, भात आणि भाजी यांचं एकमेकांना कळू न देता मिश्रण केलं आणि वाडगा घेऊन पलंगावर गेली. हेडक्लार्क स्वतः टेबलाशी जेवत, पण टेबलाच्या अर्ध्या भागावर इस्त्रीचे कपडे असत आणि हेडक्लार्क उरलेल्या अर्ध्याच भागाचे रहिवासी होते. बायको कुठे जेवते हे शोधायला ते स्वयंपाकघरात डोकावले. ती ओट्याशी उभी राहून कढईतच भात कालवून खात होती आणि दुसऱ्या हाताने दूध तापतंय का ते बघत होती.

"तू उभ्याने जेवतेस?"

"कढई घासायचीच असते ना. ताट कशाला आणखी?"

हेडक्लार्क आपल्या अर्ध्या टेबलाशी परतले. त्यांच्या घरी रात्रीचं जेवण नव्हतंच. होती ती चार माणसांनी एकाच छपराखाली आपापल्या सोयीने भागवलेली भूक. आणि हे मोठ्या बाईंना दाखवणं म्हणजे अंगणातल्या नळावर पाणी सोडणं होतं.

गल्लीत कुणाच्या घरी पाहुणे येणार ही बातमी पाहुण्यांच्या आधी पोचते. हेडक्लार्कांच्या खालच्या मजल्यावरचे विमावाले त्याच रात्री वर आले. ते विमा विकत, त्यामुळे प्रत्येक गोष्टीत आधी काय काय बिघडू शकेल ते सांगायची त्यांना सवय होती. त्यांच्या मते जेवण फार चांगलं झालं तर बाई भाडं वाढवतील, फार वाईट झालं तर भाडं बुडवणारे समजतील, आणि अगदी मधलं झालं तर यांनी मधलं मुद्दाम साधलंय हे ओळखतील. आमच्याकडे बुवा रोज चार पदार्थ असतात, तेव्हा आम्हाला ही काळजी नाही, असंही त्यांनी जाता जाता सांगितलं. वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंचं मत शास्त्रीय होतं. घरमालकीण जेवायला येत नाही, ती भिंत बघायला येते. तळणाने भिंती काळ्या होतात. तेव्हा तेलाचं नाव काढू नका. त्यांच्या स्वतःच्या घरात म्हणे तळण वर्ज्य होतं. हे सांगताना त्या हेडक्लार्कांच्या छताकडे बघत होत्या आणि हेडक्लार्क त्यांच्या नजरेमागून छताकडे. तिथे एक डाग होता. तो आजवर त्यांना दिसला नव्हता.

आता हेडक्लार्क नोकरीला होते वजनमापे खात्यात. तिथे काचेच्या घंटेखाली एक किलोचं प्रमाण वजन ठेवलेलं असे आणि सगळ्या तालुक्याचे तराजू त्याच्याशी ताडून बघत. जगात जे आहे त्याचं एक प्रमाण कुठेतरी काचेखाली असतं अशी त्यांची श्रद्धा होती. तेव्हा रोजच्या जेवणाचंही असणार. दुसऱ्या दिवशी त्यांनी कार्यालयात चौकशी आरंभली.

टंकलेखिकेला विचारलं, काल रात्री काय केलं होतंत? ती म्हणाली, साधंच. साधं म्हणजे काय, असं विचारल्यावर तिने हात थांबवले आणि ही उत्पन्नाची पडताळणी आहे का ते आधी विचारलं. निरीक्षक म्हणाले, आम्ही रात्री हलकंच घेतो. त्यांच्या देहाकडे बघता ते हलकं वारंवार घेत असावेत. रोखपाल म्हणाले, परवाचं विचारा, काल जरा गडबड होती. आणि परवाचं विचारल्यावर त्यांनी मशरूम, पालेभाजी आणि एक परदेशी सूप अशी नावं घेतली, पण नावं घेताना त्यांच्या डोळ्यांत जे भाव होते ते जेवलेल्या माणसाचे नव्हते, वाचलेल्या माणसाचे होते. टपाली पाकिटं चिकटवणारे काका तर रडवेले झाले. त्यांच्या घरी रोज सुनेच्या मनाला येईल ते असे, आणि सुनेच्या मनात काय आहे हे विचारायची त्यांची टाप नव्हती. खून कुणी केला असं विचारलं असतं तर माणसं इतकी चाचरली नसती.

दुपारी साहेबांनी आत बोलावलं. कर्मचाऱ्यांच्या जेवणाची चौकशी कुणाच्या आदेशाने चालू आहे, असं त्यांनी विचारलं. हेडक्लार्क म्हणाले, खासगी आहे, साहेब. साहेबांनी उठून दार लावून घेतलं. मग खुर्ची जवळ ओढून ते हळूच म्हणाले, "बाकीच्यांचं काय असतं ते कळलं तर मलाही सांगा. आमच्याकडे महिना झाला, सारखं टोमॅटोचंच काहीतरी असतं. कुणाला विचारायचीही चोरी."

प्रमाण सापडलं नाही. पण खुर्च्यांचा प्रश्न उभा राहिला, किंवा असं म्हणूया की खुर्च्या नसल्यामुळे बसायचा प्रश्न उभा राहिला. घरात धड खुर्च्या दोनच. जेवायला माणसं सहा. स्टोअरकीपरकडे जुन्या खुर्च्या पडून होत्या, पण त्या न्यायच्या तर कारण लिहून द्यावं लागे. हेडक्लार्कांनी खरेपणाने लिहिलं, 'घरी नेहमीच्या जेवणासाठी.' स्टोअरकीपरने आक्षेप काढला. जेवण नेहमीचं असेल तर नेहमी कशावर बसता? आणि आजवर खुर्च्यांवाचून भागत असेल तर आताच गरज का? हेडक्लार्कांनी मग 'विशेष जेवणासाठी' असं लिहिलं. स्वतःच्या हस्ताक्षरातला तो 'विशेष' त्यांनी दोनदा वाचला. कागद बाईंच्या हाती लागला तर? स्टोअरकीपर म्हणाला, विशेष असेल तर साहेबांची सही लागेल. साहेबांनी सही केली, पण वर बघून म्हणाले, "टोमॅटो नका ठेवू."

खुर्च्या आल्या. प्रत्येकीच्या पाठीवर पांढऱ्या रंगात खात्याचा क्रमांक होता. मागून बघणाऱ्याला जेवायला कैदी बसलेत असं वाटलं असतं. बायकोने त्यावर टॉवेल टाकले. मग कैदी आंघोळीला निघाल्यासारखे वाटू लागले.

त्या दिवसापासून तालमी सुरू झाल्या. रोज रात्री सगळ्यांनी टेबलाशी बसून, एकाच वेळी, एकच जेवण जेवायचं, असं हेडक्लार्कांनी जाहीर केलं. पदार्थही ठरले. भात, डाळ, कोबीची भाजी, काकडी. कोबी यासाठी की कोबीबद्दल कुणाचंच काही मत नसतं.

पहिल्या रात्री चौघंही जेवली, पण बोललं कुणीच नाही. चमच्यांचे आवाज ऐकू येत होते. आई मधूनमधून वर बघत होती, कुणी गेलंबिलं की काय अशा चेहऱ्याने. हेडक्लार्कांनी दुसऱ्या दिवशी बोलायचे विषय ठरवून दिले. लेकीने दिवसभरातलं काही सांगावं असं ठरलं, म्हणून तिने रक्ताचे नमुने कसे गोठतात ते सांगितलं. आईने ताट सरकवलं. तिसऱ्या दिवशी विषय बदलून हवामान ठेवलं, ते डाळ वाढून व्हायच्या आत संपलं.

त्याहून मोठी अडचण बायकोची. ती बसेचना. म्हणजे बसे, पण बसल्या क्षणी कुणाला तरी मीठ लागे. उठली की कुकरकडे जाई, कुकरवरून दुधाकडे, आणि तिकडेच उभ्या उभ्या दोन घास खाऊन परत येई. हेडक्लार्क म्हणाले, असं चालायचं नाही, बाईंपुढे तू बसलेली दिसली पाहिजेस. ती म्हणाली, बसते, पण मग मीठ कोण आणणार? हेडक्लार्क बाणेदारपणे उठले आणि स्वयंपाकघरात गेले. डबे सगळे सारखे होते. मीठ म्हणून त्यांनी आणलं ते साखर निघालं, आणि डाव म्हणून आणला तो झारा. डाळ झाऱ्यातून वाढायला गेले ती टेबलावर सांडली, टेबलावरून खात्याच्या खुर्चीवर, खुर्चीवरून टॉवेलवर. लेक इतकी हसली की तिला ठसका लागला, आणि आई म्हणाली, "आज खरं जेवल्यासारखं वाटलं बाई."

हेडक्लार्कांना ते वाक्य अजिबात आवडलं नाही. गुरुवारी आई असं काही बोलली तर? आई खोटं बोलत नसे. वयामुळे तिला त्याची गरजच उरली नव्हती. त्यांनी तिला समजावलं की बाईंनी काही विचारलं तर 'हो' एवढंच म्हणायचं. आई 'हो' म्हणाली. त्याने त्यांची काळजी वाढलीच, कारण ते 'हो' पढवलेलं वाटत होतं.

बुधवारी रात्री ते फ्रिज तपासायला उठले आणि पाहतात तो फ्रिजमध्ये वाट्याच वाट्या. कशात दोन घास भाजी, कशात तळाशी चिकटलेली डाळ, कशात कशाचं तरी काहीतरी, झाकणावर झाकणं, वाटीवर बशी. एखाद्या घराची अब्रू इतक्या छोट्या भांड्यांत मावते हे त्यांना माहीत नव्हतं. बाईंनी फ्रिज उघडला तर? गुरुवारी सकाळी बायको कामावर जाताच त्यांनी सगळ्या वाट्या एका ताटात भरल्या आणि खाली विमावाल्यांकडे पोचत्या केल्या. फ्रिज पुसला. आत फक्त पाण्याची बाटली आणि लिंबू राहिलं, दवाखान्यासारखं.

मोठ्या बाई सांगितल्या वेळेला आल्या. बरोबर यजमान. हे यजमान सडपातळ, नीटनेटके, आणि बाईंच्या लग्नापासून बहुधा बोलायची पाळी यायची वाट बघत असलेले. सगळी टेबलाशी बसली. हेडक्लार्कांनी डाव धरून डाळ वाढली, एक थेंब सांडला नाही. बायको बसलेली होती. लेकीने रक्ताचा विषय काढला नाही. आईला बाईंनी विचारलं, तब्येत बरी ना, आई म्हणाली, "हो." कोबी मऊ शिजला होता, काकडीच्या चकत्या एका जाडीच्या होत्या. बाई शांतपणे जेवत होत्या, आणि हेडक्लार्कांच्या मनात अंगणातला नळ हळूहळू वाहू लागला होता.

तेवढ्यात बाईंनी चमचा खाली ठेवला.

"सकाळचं काही नाही का?"

हेडक्लार्कांना वाटलं ही शाबासकीची सुरुवात आहे. ते अभिमानाने म्हणाले, "छे छे. आमच्याकडे उरलेलं ठेवतच नाहीत. रोजचं रोज."

बाईंचा चेहरा पडला. "म्हणजे हे आमच्यासाठी केलंत," त्या म्हणाल्या. "रोज जेवतात त्या घरात सकाळचं काहीतरी उरतंच. जिथे काहीच उरत नाही तिथे एकतर पाहुणे आलेले असतात, नाहीतर कुणी जेवतच नाही."

हेडक्लार्कांच्या डोळ्यांसमोर शेगडीपाशी भिंतीत शिरणारा माणूस उभा राहिला. त्याचा चेहरा त्यांचाच होता. आणि आईने आजवर साठवलेलं सगळं एकदम बाहेर काढलं. "उरत नाही कसं? वाट्यांनी फ्रिज बंद होईना. आज सकाळी यानेच नेऊन दिल्या खाली. मी म्हटलं तो परवाचा भोपळा तरी ठेव माझ्यापुरता, पण ऐकेल तर शपथ. आणि आम्ही रोज काही असे ओळीने बसत नाही हो, हे आठवडाभर चाललंय. खुर्च्या कचेरीतल्या आहेत."

यजमानांनी वाकून आपल्या खुर्चीवरचा टॉवेल उचलून बघितला आणि परत नीट टाकला.

"मग आणा की त्या वाट्या," मोठ्या बाई म्हणाल्या.

हेडक्लार्क जिना उतरले ते कसे उतरले त्यांचं त्यांना माहीत. आयुष्यात त्यांनी पुष्कळ अर्ज केले होते, पण स्वतःचा भोपळा परत मागण्याचा प्रसंग आला नव्हता. विमावाल्यांनी दार उघडलं ते चोरट्यासारखं. वाट्या धुऊन पालथ्या घातलेल्या होत्या. भोपळा दुपारीच संपला, ते म्हणाले, आणि फार छान होता. वर काय झालं ते ऐकल्यावर मात्र विमावाल्यांमधला माणूस जागा झाला. ते आत गेले आणि आपल्या घरचं पातेलं घेऊन आले. त्यात सकाळचा भात होता, कांदा घालून परतलेला. "हेच असतं आमच्याकडे रात्री," ते हेडक्लार्कांच्या खांद्यावरून पलीकडे बघत म्हणाले. "रोज. चार पदार्थबिदार्थ... जाऊ द्या. आता आणखी काय बिघडायचंय, घेऊन जा." जिन्यावरची बोलणी वर पोचायची ती पोचलीच, आणि शिंपीणबाई कठड्याशी बशी धरून उभ्या होत्या. बशीवर कागद झाकलेला. कागदाखाली तळलेले बटाटे. "कुणाला बोलू नका," एवढंच त्या म्हणाल्या.

एका हातात पातेलं आणि दुसऱ्या हातात बशी घेऊन चढताना हेडक्लार्कांच्या लक्षात आलं की कार्यालयात सगळ्यांना विचारून जे कळलं नाही, ते आता त्यांच्या दोन्ही हातांत होतं. पण त्याचा आनंद करायची ही वेळ नव्हती.

आईने पातेल्यात डोकावून "हे आपलं नव्हे," असं जाहीर केलं. आता लपवायला काही उरलंच नव्हतं, म्हणून हेडक्लार्कांनी सगळं सांगून टाकलं. कुणाचा भात, कुणाचे बटाटे, तालमी, झारा, टंकलेखिका, साहेबांचे टोमॅटो. मोठ्या बाई ऐकत होत्या आणि परतलेला भात खात होत्या. यजमानांनी बटाट्यांची बशी स्वतःकडे ओढली होती आणि ती कुणी परत मागू नये म्हणून डावा हात तिच्याभोवती ठेवला होता.

"तालीम केलीत ते बसल्या बसल्याच कळलं होतं मला," बाई म्हणाल्या. "आई घास घ्यायच्या आधी तुमच्या तोंडाकडे बघत होत्या. तपासणीला साहेब आले की वर्गातली मुलं अशीच बघायची."

हेडक्लार्क उठून उभे राहिले. कशासाठी ते त्यांनाही कळलं नाही. वर्गात चूक पकडली गेली की उभं राहतात म्हणून असेल.

"बसा. घर तुम्हाला द्यायचंच आहे. भाडं ठरलंय तेच. एकच अट. रात्रीचं आपण एकत्र जेवायचं."

"म्हणजे... गुरुवारी?"

"रोज." मग त्या जरा अडखळल्या, आणि ज्यांनी शाळाभर कधी कुणाला अडखळू दिलं नाही त्या बाईंना अडखळताना बघून सगळ्यांनी नजरा ताटाकडे वळवल्या. त्या म्हणाल्या, शाळा सुटल्यापासून संध्याकाळी कुणासाठी करावं असं वाटतच नाही. हे वरच्या खोलीत पाव खातात, मी स्वयंपाकघरात कपभर दूध घेते. एकमेकांना त्रास नको म्हणून. कॅशियर आणि फोटोग्राफर दोघंही पसंत होते. अट ऐकल्यावर त्यांनीच नाही म्हटलं. "तुम्ही निदान आठवडाभर बसलात तरी एकत्र."

हेडक्लार्क 'हो' म्हणायला तोंड उघडणार, तोच बायको बोलली. टपाल कार्यालयात खिडकी बंद करायच्या आधी ती जशी बोले, तशी.

"आधी आम्ही येतो तुमच्याकडे जेवायला. मग सांगते."

हेडक्लार्कांना वाटलं की आपण खुर्चीसकट खाली चाललोय. महिना संपत आला होता. मालकांचा मुलगा सामान बांधत होता. आणि ही म्हणत होती, मग सांगते. त्यांनी टेबलाखालून पायाने खूण केली. ती यजमानांना लागली, आणि यजमानांनी घाईने एक बटाटा परत दिला.

"आमच्याकडे?" मोठ्या बाई म्हणाल्या. रंग उडाल्यासारखा दिसत होता. "अहो, आमच्याकडे तसं काही..."

"रोज एका घरचं खायचं म्हणजे रोज एकीनेच करायचं, ते नको; पाळी लावू," बायको म्हणाली. "तुमच्या हातचं कसं लागतं ते नको का बघायला? रविवारी येऊ."

शनिवारी विमावाल्यांनी बातमी आणली की मोठ्या बाई भाजीच्या दुकानात उभ्या होत्या आणि येणाऱ्या जाणाऱ्या बायकांना विचारत होत्या, तुम्ही रात्री काय करता? बायका म्हणत होत्या, साधंच. यजमानांना त्यांनी शेजारून खुर्च्या आणायला पाठवलं होतं.

घरात बायको कपडे घड्या करत होती आणि तिच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. बाई नापास झाल्या तर ती खरंच नाही म्हणेल, याबद्दल त्यांना शंका नव्हती. त्यांनी पिशवी घेतली, लिंबं आणतो म्हणून सांगितलं, आणि मागच्या गल्लीने मोठ्या बाईंच्या घरी गेले. बाईंनी दार उघडलं. हाताला पीठ, कपाळाला पीठ, आणि आतून काहीतरी करपल्याचा वास. खालच्या मजल्याची किल्ली मागे खुंटीवर लटकत होती.

"ती तुमच्यासाठीच ठेवलीय," बाई म्हणाल्या. "पण त्या हो म्हणायला हव्यात ना."

हेडक्लार्कांनी इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "सकाळचं थोडं उरवून ठेवा. वाटीत. वर बशी झाका. आणि हिला वाढायला उठू देऊ नका, मीठ टेबलावरच ठेवा."

मोठ्या बाई मान डोलवत ऐकत होत्या, परीक्षेच्या आदल्या दिवशी एखादी मुलगी ऐकेल तशा. मग त्यांनी पदराला हात पुसले.

"बरं, पण त्यांना आवडतं काय?"

हेडक्लार्कांनी लगेच तोंड उघडलं. आईला आवडणारा भोपळा त्यांना आठवला. लेकीला डाळीत लागणारं लिंबू आठवलं. स्वतःच्या आवडीची तर यादीच आठवली, आणि साहेबांना काय नको तेही आठवलं. कढईपाशी उभी असलेली बायको आठवली, पण कढईत काय होतं ते त्या दिवशी त्यांनी बघितलंच नव्हतं. तोंड उघडंच राहिलं. बाई वाट बघत होत्या. आत काहीतरी जास्तच करपत होतं.

"चौकशी करून कळवतो," हेडक्लार्क म्हणाले.